गाडीचा पडदा गाडीच्या आधी म्हातारा होतो : नकाशा, गाणी आणि पुढची पंधरा वर्षं

सह्यवाट (धागाकर्ता)

आपल्याकडे गाडी 12 ते 15 वर्षं सहज चालते. डॅशबोर्डवरच्या टचस्क्रीनची चिप मात्र गाडी बाजारात येण्याच्या दोन-तीन वर्षं आधीच पक्की झालेली असते. म्हणजे किल्ली हातात येते त्या दिवशी इंजिन नवं असतं आणि संगणक जुना. पुढची दहा वर्षं हे अंतर वाढतच जातं. म्हणून हा धागा.

आधी नावांचा गोंधळ मिटवू, कारण दुकानात सगळ्यालाच 'अँड्रॉइड' म्हणतात.

अँड्रॉइड ऑटो (2015 पासून) आणि ॲपल कारप्ले (2014 पासून) यांत सगळं काम फोन करतो. फोन पडद्याचं चित्र व्हिडिओसारखं गाडीकडे पाठवतो आणि तुम्ही पडद्यावर बोट कुठे ठेवलंत ते गाडी फोनला कळवते. गाडीचा संच इथे जवळजवळ मॉनिटरच असतो.

अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह ही गाडीतच बसवलेली पूर्ण प्रणाली आहे, फोन नसला तरी चालते. 2020 च्या पोलस्टार 2 पासून ती रस्त्यावर आली.

तिसरा म्हणजे बाजारात मिळणारा 'अँड्रॉइड सेट'. टॅबलेटची चिप, सोबत ॲम्प्लिफायर, पुढे 9 किंवा 10 इंची काच. वरच्या दोघांशी त्याचा फक्त नावापुरता संबंध.

सध्या पडदा कोणाच्या ताब्यात राहणार याची रस्सीखेच चालू आहे. जनरल मोटर्सने 2023 मध्ये जाहीर केलं की त्यांच्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो नसेल. टेस्ला आणि रिव्हियन यांनी ते सुरुवातीपासूनच दिलं नाही. उलट ॲपलने मे 2025 मध्ये ॲस्टन मार्टिनबरोबर कारप्ले अल्ट्रा आणलं, त्यात स्पीडोमीटरचा पडदासुद्धा फोनच रंगवतो.

माझं मत स्पष्ट आहे. मेंदू फोनमध्ये राहावा, कारण फोन आपण चार-पाच वर्षांनी बदलतोच. गाडीने आपले कान-डोळे द्यावेत : छतावरचा अँटेना, चाकाचा वेग, चांगला माइक, आवाजाची गोल खुंटी. ज्या गाडीत नकाशा फक्त कंपनीच्या सर्व्हरवरच चालतो ती घेऊ नये. जाणकारांनी आपापल्या भागावर लिहावं. फक्त आकडे आणि कारणं द्या.

---

अक्षांश18

धागाकर्त्यांनी 'चाकाचा वेग' लिहिलंय, खरी मेख तिथेच आहे.

बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल शून्य असतो. तिथे फोन शेवटचा माहीत असलेला वेग धरून बाण पुढे सरकवत राहतो. समृद्धीवर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास 8 किलोमीटरचा आहे. आत वाहतूक तुंबली, गाडी 20 वर आली, तरी फोनचा बाण 80 नेच पळतो, बोगद्याबाहेर जाऊन थांबतो आणि तुम्ही बाहेर आलात की मागे उडी मारतो. लगेच फाटा असेल तर तोच चुकतो.

गाडीला मात्र चाकाच्या सेन्सरकडून प्रत्येक फेरीचे ठोके मिळतात आणि जायरोस्कोपकडून वळण कळतं. या दोन्हींवरून जागा काढत जाण्याला डेड रेकनिंग म्हणतात. टायरचा व्यास 3 टक्के बदलला तर 8 किलोमीटरला साधारण 240 मीटरची चूक येते. चांगला संच उघड्या आकाशाखाली काही किलोमीटर चालल्यावर स्वतःच ही दुरुस्ती करून घेतो. म्हणून नवे टायर टाकल्यावर लगेच लांब बोगद्यात बाण पुढेमागे दिसला तर संच बिघडला असं समजू नका.

कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या दोन्हींत गाडीने आपलं स्थान आणि वेग फोनला द्यायची सोय आहे. कोणती गाडी देते आणि कोणती देत नाही हे माहितीपत्रकात छापत नाहीत. टेस्ट ड्राइव्हमध्ये तपासा : फोन केबलने जोडा, नकाशा लावा आणि बोगद्यात किंवा लांब भुयारी मार्गात वेग मुद्दाम कमी-जास्त करा. बाण तुमच्याबरोबर मंदावला तर गाडी माहिती देतेय.

याच सोयीचा उलटा त्रास 'अँड्रॉइड सेट'मध्ये होतो. फोनचा स्वतःचा जीपीएस उत्तम असतो, पण जोडल्यावर नकाशा सेटच्या अँटेनाचं स्थान वापरतो, आणि तो अँटेना कारागिराने स्टिरिओमागच्या लोखंडी पट्टीखाली कोंबलेला असतो. बाण शेजारच्या सर्व्हिस रोडवर जातो आणि दोष ॲपला लागतो.

अँटेना म्हणजे सिरॅमिकची चौकोनी वडी, तिचं तोंड आकाशाकडेच हवं. डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली चालतो, धातूखाली नाही. वडीखाली साधारण 7 सेंमी चौरस पत्र्याचा तुकडा ठेवला तर पकड सुधारते. डॅशकॅम आणि त्याच्या चार्जरपासून किमान हातभर लांब ठेवा. स्वस्त चार्जरचा विद्युत गोंगाट 1575.42 मेगाहर्ट्झच्या दुबळ्या सिग्नलला गिळतो. ओळखायला सोपं आहे : डॅशकॅमचा प्लग काढा, उपग्रहांची संख्या वाढली तर चोर तोच.

---

वाटसरू_नाशिक

@अक्षांश18, उड्डाणपुलावर आहोत की खाली हे का कळत नाही? आणि नाविकने (जीपीएससारखी आपली भारतीय उपग्रह प्रणाली) काही फरक पडेल का?

---

अक्षांश18

सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट निघते. पूल 6-8 मीटर उंच, चूक त्याहून मोठी. नागपूरच्या कामठी रस्त्यावर खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. तिथे नुसत्या जीपीएसकडून अपेक्षाच चुकीची आहे. गूगल मॅप्सने जुलै 2024 मध्ये भारतात 'उड्डाणपूल घ्या' अशी आगाऊ सूचना सुरू केली. ती उंची मोजून येत नाही, नकाशातली माहिती आणि पुढच्या हालचाली जुळवून येते. चढण्याआधीची सूचना ऐका, चढल्यावरच्या बाणावर विसंबू नका.

नाविकबद्दल. सात उपग्रहांची आपली प्रादेशिक रचना, एल5 (1176.45 मेगाहर्ट्झ) आणि एस या रेडिओलहरींच्या पट्ट्यांत. मे 2023 च्या एनव्हीएस-01 या उपग्रहापासून एल1 (1575.42, जीपीएसचा नेहमीचा पट्टा) ची भर पडली. जानेवारी 2025 मध्ये सोडलेला एनव्हीएस-02 ठरलेल्या कक्षेत पोचला नाही, जुन्या उपग्रहांपैकी काहींची अणुघड्याळं बंद पडलेली आहेत. त्यामुळे आज फक्त नाविकवर गाडी चालवायची वेळ नाही, तो जीपीएसच्या जोडीला धरायचा.

खरा फायदा एल5 चा, मग तो नाविकचा असो की जीपीएसचा. उपग्रह सिग्नलमधून जी सांकेतिक खूण पाठवतो, तिचा एल1 वरच्या जुन्या पद्धतीतला एक तुकडा अवकाशात सुमारे 293 मीटर लांब असतो, एल5 चा सुमारे 29 मीटर. इमारतीवर आपटून उशिरा आलेला सिग्नल मूळ सिग्नलपासून वेगळा काढायला आखूड तुकडा बरा. लोअर परळसारख्या उंच भिंतींच्या गल्लीत हा फरक दिसतो. फोन घेताना 'ड्युअल फ्रिक्वेन्सी' किंवा 'एल1+एल5' लिहिलंय का ते बघा. नकाशासाठी गाडीच्या पडद्याच्या इंचांपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

---

तारजोड

बाहेरून सेट बसवणाऱ्यांसाठी. जुन्या गाडीला नव्या पिढीत आणायचा हाच स्वस्त मार्ग आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो.

पहिली गोष्ट, गाडीची मूळ वायर कापू नका. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार कपलर (जोडणीचा प्लग) मिळतो. तो लावला की वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना मूळ स्टिरिओ परत बसवता येतो.

सेटच्या बाजूचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी म्हणजे कायम 12 व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावरचे 12 व्होल्ट, काळी अर्थ. नारिंगी दिव्यांची, निळ्यावर पांढरी पट्टी ॲम्प्लिफायर चालू करायची. स्पीकर : पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, काळ्या पट्टीची ती ऋण. गाडीच्या बाजूचे रंग कंपनीगणिक वेगळे, तिथे मल्टिमीटर लावल्याशिवाय जोडू नका.

पिवळी आणि लाल उलट झाली की दर वेळी सेटिंग पुसली जातात आणि सेट पहिल्यापासून सुरू होतो. दोन्ही एकत्र करून कायम पुरवठ्यावर टाकली की सेट झोपतच नाही. दुसरी चूक महागात पडते. समजा सेट बंद गाडीत 300 मिलिअँपिअर ओढतोय. 0.3 गुणिले 24 म्हणजे दिवसाला 7.2 अँपिअर-तास. 40 ची बॅटरी तीन दिवसांत अर्धी. गणपतीला गावी बसने गेलात तर परतल्यावर गाडी सुरू होणार नाही.

मोजायची पद्धत : बॅटरीची ऋण तार काढून मीटर 10 अँपिअरच्या खाचेत घालून मध्ये जोडा. बॉनेटची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद करा, नाहीतर गाडीला बॉनेट उघडं वाटतं आणि ती झोपत नाही. लॉक करून 20 ते 30 मिनिटं थांबा. 50 मिलिअँपिअरच्या खाली आलं तर ठीक. वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा जिथे पडतो ते सर्किट दोषी. मीटर मध्ये असताना चावी मारायची नाही, मीटरचा फ्यूज जातो.

रॅमच्या आकड्याला भुलू नका. 'माहिती' पानावर 8 जीबी लिहून आत 1 किंवा 2 जीबी आणि जुनी चार कोअरची चिप, हा सर्रास प्रकार आहे. ते पान विक्रेत्याला बदलता येतं. सीपीयू-झेड हे ॲप टाकून कोअरची नावं बघा. यूआयएस7862 ही चिप असेल तर दोन ए75 आणि सहा ए55 दिसले पाहिजेत. सगळे ए7 दिसले तर सेट परत करा.

शेवटचं, हँडब्रेकची वायर. चालत्या गाडीत व्हिडिओ दिसू नये म्हणून ती असते. ती थेट अर्थ करून 'मूव्ही चालू करून' देणारे कारागीर आहेत. तसं करू देऊ नका. 80 च्या वेगात नजर दोन सेकंद हलली की गाडी 44 मीटर पुढे गेलेली असते.

---

नवी_चावी

वायरलेस अँड्रॉइड ऑटो दर दहा मिनिटांनी तुटतं. गाडीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोन बदला म्हणून सांगितलं. खरंच तोच उपाय आहे का?

---

तारजोड

फोन बदलायच्या आधी हे करा. वायरलेसमध्ये आधी ब्लूटूथवर ओळख पटते, मग चित्र 5 गिगाहर्ट्झ वायफायवर जातं. त्यामुळे जोडताना अडलं तर ब्लूटूथ बघा, चालता चालता तुटलं तर वायफाय किंवा उष्णता.

फोनमधून गाडी आणि गाडीतून फोन, दोन्हीकडची नोंद पुसा आणि नव्याने जोडा. एका बाजूची पुसून उपयोग नसतो. व्हीपीएन बंद करा. अँड्रॉइड ऑटोला बॅटरी बचतीतून वगळा. फोनची आक्रमक बचत मागचं ॲप मारते आणि त्याचं अंतर असंच दहा-पंधरा मिनिटांचं असतं. तुमचं लक्षण त्याच्याशी जुळतंय, तिथूनच सुरुवात करा.

तरीही तुटलं तर एक दिवस केबलने चालवा, एक मीटरच्या आतल्या, डेटा जाणाऱ्या. केबलवर नीट चालतंय तर फोन आणि गाडी दोन्ही ठीक, वायफाय दोषी. वायरलेससाठी वेगळा डोंगल (गाडीच्या यूएसबीत लावायची डबी) लावला असेल तर इंजिन आपोआप बंद-सुरू होण्याच्या सोयीत व्होल्टेज खाली जातं आणि डोंगल पुन्हा सुरू होतो; सिग्नललाच तुटतंय का ते बघा.

मे महिन्यात वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर फोन ठेवून नकाशा चालवू नका. चार्जिंग, जीपीएस आणि वायफाय एकत्र तापवतात, फोन स्वतःला हळू करतो. एसीच्या झोतासमोरचा क्लिप-होल्डर बरा.

---

सिलिकॉन

पडदा म्हातारा कसा होतो ते सविस्तर लिहितो, पुढच्या पंधरा वर्षांचा प्रश्न इथेच आहे.

आतल्या साठवणीची चिप, ईएमएमसी, ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येते. टेस्लाने 2021 मध्ये अमेरिकेत सुमारे 1 लाख 35 हजार मॉडेल एस आणि मॉडेल एक्स परत बोलावल्या, त्याचं कारण हेच. 8 जीबीची चिप, प्रणाली सतत नोंदी लिहीत राहायची, आणि साधारण 3,000 फेऱ्यांनंतर चिप संपायची. त्यासोबत मागचा कॅमेरा आणि काच धुकेमुक्त करायची सोय जायची. गाणी गेली तर चालतं, काच स्वच्छ होणं पडद्यावर अवलंबून असेल तर तो सुरक्षिततेचा प्रश्न होतो. बाहेरच्या सेटवर डॅशकॅमचं अखंड चित्रण आतल्या साठवणीत करू नका, वेगळं 'हाय एंड्युरन्स' मेमरी कार्ड वापरा.

दुसरं, बाहेरून आलेली वेडीवाकडी माहिती. जानेवारी 2022 च्या अखेरीस सिअॅटलच्या एका सार्वजनिक रेडिओ केंद्राने डिजिटल प्रक्षेपणातून चित्रांच्या काही फाइल शेवटच्या विस्ताराशिवाय पाठवल्या. 2014 ते 2017 च्या माझदा गाड्यांचे संच त्या वाचताना अडकले, पुन्हा पुन्हा सुरू होत राहिले आणि त्याच केंद्रावर खिळले. मुख्य भाग बदलावा लागला. डॉट जेपीजी नसल्यामुळे.

तिसरं, तारखा. जीपीएसमध्ये आठवड्यांचा आकडा 10 बिटांचा आहे, 1024 आठवड्यांनी, म्हणजे 19.6 वर्षांनी, तो शून्यावर येतो. मागचा वळसा 6 एप्रिल 2019 ला झाला, पुढचा नोव्हेंबर 2038 मध्ये. संच बनवणारे आपापली सुरुवातीची तारीख धरतात, त्यामुळे प्रत्येक संचाचा वळसा वेगळ्या दिवशीही येऊ शकतो. जानेवारी 2022 मध्ये होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांची घड्याळं एकदम 2002 दाखवायला लागली. शिवाय 19 जानेवारी 2038 ला 32 बिटांच्या युनिक्स घड्याळाची मर्यादा संपते. आज घेतलेली गाडी 2038 ला रस्त्यावरच असणार, म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : या संचाला सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं, आणि ते लेखी कुठे आहे?

चौथं, सिमकार्ड. गाडीतल्या सिमला 13 अंकी क्रमांक असतो आणि त्याचा मोडेम कायमचा त्याच पिढीचा. अमेरिकेत 2022 मध्ये 3जी बंद झाल्यावर कितीतरी गाड्यांची आपत्कालीन मदतीची सोयच मेली. आज 4जी मोडेमवाली गाडी घेणाऱ्याने हे धरून चालावं.

---

रेडिओवेडा

सगळे नकाशावर बोलताय, रेडिओवरही लिहा. इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम काढून टाकायला काही कंपन्यांनी सुरुवात केली, कारण मोटरच्या इन्व्हर्टरचा गोंगाट नेमका त्या पट्ट्यात येतो. शील्डिंग केलं तर जातो, खर्च वाढतो. युरोपीय संघात डिसेंबर 2020 पासून नव्या गाडीच्या रेडिओत जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून येणारं डिजिटल प्रक्षेपण घेता येणं सक्तीचं आहे, नॉर्वेने 2017 मध्येच राष्ट्रीय एफएम बंद केलं. आकाशवाणीने मध्यम लहरींवर (एएमचाच पट्टा) डीआरएम ही डिजिटल रेडिओची पद्धत घेतली आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत डीआरएम रेडिओ कंपनीकडूनच बसवलेला येतो, मालकाला पत्ताच नसतो. स्रोतांच्या यादीत 'डीआरएम' दिसतं का बघा. पूर आणि वादळात मोबाइलचे मनोरे जातात तेव्हा मध्यम लहरीच पोचतात. गाडीतून रेडिओ काढणं मला अजिबात मान्य नाही.

---

सह्यवाट

+1. मनोरे जाण्यावरून घाटाचा मुद्दा. ताम्हिणीत लांब पट्ट्यात रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवलेला हवा. गूगलचा ऑफलाइन नकाशा मुदतीचा असतो, अपडेट न झाल्यास पुसला जातो. निघायच्या आदल्या रात्री तारीख बघा. दुसरा पर्याय ऑरगॅनिक मॅप्स, ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेवरही दिसतं.

पण ऑफलाइन नकाशाला आजची बंदी माहीत नसते. वरंध घाट पावसाळ्यात बंद करतात, उतरवलेला नकाशा तरीही तिथूनच नेतो. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री गाडी गेली आणि एकाचा जीव गेला. वर्षातले काही महिने पाण्याखाली असणारा पूल नकाशात बारमाही दिसत होता. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्याला हंगामी निर्बंध आणि 'पाण्याखाली जातो' अशी खूण जोडता येते. गावचा रस्ता माहीत असणाऱ्यांनी दहा मिनिटं काढून ती जोडावी, मराठी नावाचा वेगळा रकानाही भरावा. रात्री पुलाजवळ बाण सरळ दाखवत असला तरी पाणी दिसलं की थांबायचं.

---

वाटसरू_नाशिक

बटणांचं काय? नव्या गाड्यांत एसीसुद्धा पडद्यात.

---

सिलिकॉन

वारं फिरतंय. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने 2026 पासून पंचतारांकित गुणांसाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना प्रत्यक्ष बटण किंवा दांडी असण्याला वजन दिलंय. एसी आणि आवाज त्या यादीत नाहीत, ते गिऱ्हाइकानेच मागावे लागतील. शोरूममध्ये गाडी उभी असताना डोळे समोर ठेवून हात लावून बघा : आवाज कमी करणं, पुढच्या काचेवर वारा, मागची काच गरम करणं. तिन्हीपैकी एकालाही नजर खाली न्यावी लागली तर पावसात खंबाटकी उतरताना तेच होणार.

---

नवी_चावी

@तारजोड, बॅटरी बचतीतून वगळल्यावर काल पुणे-सातारा एकदाही तुटलं नाही. धन्यवाद. आता एकच : 2014 च्या सेडानमध्ये डबल-डिन जागा आहे, 9 इंची लावू की 7?

---

तारजोड

डबल-डिनची खाच साधारण 180 बाय 100 मिमी. 7 इंची थेट बसतो. 9 इंचीला गाडीची खास फ्रेम लागते आणि काच पुढे येते. कित्येक सेडानमध्ये ती एसीच्या झडपा किंवा धोक्याच्या दिव्यांचं बटण अर्धं झाकते. पुठ्ठ्याचा 9 इंची आकार कापून डॅशबोर्डवर धरा आणि त्या बटणापर्यंत बोट सरळ पोचतं का बघा. नाही पोचलं तर 7 इंची, आवाजाची गोल खुंटी असलेला, केबलवर अँड्रॉइड ऑटो देणारा घ्या. आणि अँटेना स्वतः समोर उभं राहून लावून घ्या, तोंड वर.